बगळ्याची चोच

घाई करू नका रे. सोल्युशन वाळल्याशिवाय पॅच धरत नाही. ओल्यावरच दाबला तर पुढच्या चढावर पुन्हा हवा जाईल आणि मग माझ्या नावाने खडे फोडत बसाल. बाकावर बसा निवांत. आणि तू, लाल हेल्मेटवाल्या, पाय जरा आखडता घे, तो डबा कलंडेल. हो, तोच, खिळ्याखालचा. हसायला काय झालं? माझं छप्पर गळत नाही आणि आभाळात ढगही नाही, एवढं मलाही दिसतं. तरी डबा तिथंच राहू दे.

मघाशी काय सांगत होतात? फाट्यावर तो लोखंडी बगळा लागला, तिथं थांबलात. फोटो काढलेत. चोचीला हेल्मेट अडकवूनही एक काढलात. वाटलंच मला. येणारा प्रत्येक जण तेच करतो आणि मग इथे येऊन विचारतो, काका, बगळा एकीकडे बघतोय आणि खालची पत्र्याची पाटी दुसरीकडे बाण दाखवतेय, हा काय प्रकार? काय प्रकार ते सांगतो. पण आधी एक ऐका. त्या चोचीला पुन्हा काही अडकवायचं नाही. शांतपणे सांगतोय तोवर ऐकून घ्या, कारण या विषयावर माझी शांतता फार वेळ टिकत नाही.

तो बगळा ज्याने घडवला तो माझा मित्र. वेल्डर होता. सगळे त्याला ठिणगी म्हणायचे, आणि ते काही कामावरून नाही, स्वभावावरून. नाकावर राग. चहा गार मिळाला तरी कपाशी भांडायचा. आता नाही तो. पण ही गोष्ट त्याच्यावर गुदरलेली आहे, त्याने स्वतःच्या तोंडाने मला सांगितलेली, आणि यात एक शब्द माझ्या पदरचा नाही.

तर तो माझ्याकडे आला होता पाना मागायला. नोव्हेंबरचा शेवटचा मंगळवार, रात्रीचे पावणेदहा. मी शटर अर्धं ओढलं होतं. हा वाकून आत आला, कसा आहेस म्हणून विचारलं नाही, काही नाही.

“दहा नंबरची एलन की आहे?”

“ती काय, खिळ्याला. एवढी मोठी कशाला हवी?”

“हवी आहे. सकाळी आणून परत खिळ्याला लावतो.”

एलन की म्हणजे तो वाकडा, सहा कोनी पाना. तुमच्या हँडलला लागतो तसलाच, फक्त करंगळीएवढा जाड. मी काढून दिला. त्याच्या कॅरिअरला एक उंच स्टूल बांधलेलं होतं. तो निघून गेला. ठिणगी ओरडत असला तर काळजी नसायची. गप्प असला की समजायचं, आत भट्टी पेटली आहे.

कशाने पेटली होती ते आता सांगतो. हा सायकलीचा रस्ता नवा झाला तेव्हा वाटेवर ठिकठिकाणी शोभेचे खांब लावायचं ठरलं. नुसत्या पाट्या नकोत, कला हवी. शहरातून एक चित्रकार बाई आल्या, त्यांनी चित्रं काढून दिली. एका खांबावर मासा, एकावर ससा, एकावर कासव, एकावर बगळा. प्राण्याचं तोंड जिकडे, तिकडे वाट. कल्पना चांगली होती, मी उगाच नावं ठेवणार नाही. लोखंडात ते सगळं उतरवलं ठिणगीने, आणि बगळ्यात तर त्याने जीव ओतला. पंखांना जुन्या फावड्यांची पाती कापून लावली. पायांना सायकलच्या पुढच्या चाकाचे चिमटे माझ्याकडूनच नेले. डोळ्याच्या जागी चकचकीत छर्रा बसवला. डावा डोळा असा काही जमला होता की आपण चालू लागलो की तो मान न हलवता आपल्या मागे येतो असं वाटावं. उजव्या बाजूला मात्र वेल्डिंगचा एक जाड ओघळ गालावर उतरला होता. तो काही केल्या निघेना.

बगळा बसवला फाट्यावर. दवाखान्याकडून येताना डावीकडे वळलं की पूल आणि पुलापलीकडे गाव. उजवीकडे वळलं की जुनी दगडखाण, कित्येक वर्षांपासून पाण्याने भरलेली. चोच डावीकडे, गावाकडे. बसवला तेव्हा सगळं नीट होतं.

मग उद्घाटन आलं. पाहुण्यांसाठी मांडव घातला तो खांबाच्या पलीकडच्या अंगाला, कारण अलीकडे ऊन. आता पलीकडून बघितलं की दिसणार कोणता गाल? ओघळाचा. फोटोवाला म्हणाला, पक्षी काही बरा दिसत नाही. ठेकेदार म्हणाला, “फिरव रे जरा आमच्याकडे.” आणि खरं सांगायचं तर ठिणगीलाही तेच हवं होतं. वर्षभर राबून केलेल्या कामाचा नेमका वाईट गाल पेपरात छापून यावा असं कुणाला वाटेल? बाईंच्या पेटीतून एलन की घेतली, स्टुलावर चढला, बोल्ट सैल केला, बगळा अर्धा फेर फिरवला, बोल्ट आवळला. चोच खाणीकडे. फोटो झाला. मधोमध ठेकेदार, आजूबाजूला साहेब मंडळी, मागे स्टुलावर ठिणगी, आणि सगळ्यांत सुंदर तो बगळा.

“कार्यक्रम आटोपला की परत फिरवतो,” असं ठिणगी म्हणाला. मग जेवणं झाली. बाई पेटी घेऊन शहराला गेल्या, पेटीत की गेली. ठेकेदाराला वाटलं वेल्डर बघेल. वेल्डरला वाटलं की ठेकेदार मागवेल. उद्या करू म्हणाले, आणि तो उद्या तीन आठवडे चालला. अरे, ती की इथे होती! या खिळ्याला! फाट्यापासून सायकलवर पाच मिनिटं! हे आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आणि तेवढ्यावर भागलं नाही. पाहुण्यांच्या गाड्या उभ्या करायला खाणीच्या रस्त्यावर त्यांनी नवं डांबर टाकलं होतं. पहिल्या वळणापर्यंत तो रस्ता गावाच्या रस्त्यापेक्षा गुळगुळीत. वळणानंतर उतार, आणि उताराच्या शेवटी पाणी. कठडा नाही, साधा दगड आडवा टाकलेला नाही.

तुम्ही विचाराल, तीन आठवड्यांत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? आलं की. लोक हसायचे, बगळ्याला माशांची आठवण झाली म्हणायचे, आणि आपापल्या घरी जायचे. आपल्या गावात आपण पाट्या वाचतो का? पाटी परक्यासाठी असते. जो नवा असतो तोच बिचारा तिच्यावर विश्वास ठेवतो.

दवाखान्यात एक नर्स नवी आली होती. आठवडाही झाला नव्हता. रोज मैत्रिणीच्या स्कूटरवर मागे बसून यायची-जायची. त्या रविवारी मैत्रिणीला सुट्टी, म्हणून हिने वॉचमनची जुनी सायकल मागून घेतली, डायनामोच्या दिव्याची. वॉचमनने वाट सांगितली. म्हणाला, सोपं आहे, प्राणी दाखवतील तिकडे वळत जा, चुकणार नाहीस. संध्याकाळची पाळी संपवून ती निघाली तेव्हा धुकं उतरलं होतं. तिने ससा बघितला. कासव बघितलं. बगळा बघितला.

मंगळवारी दुपारी ती सापडली. सायकल त्याच्या आधी.

आता खरी चीड येते ती पुढच्याची. संध्याकाळपर्यंत गावभर चर्चा. तरुण पोरगी, एकटी राहणारी, रात्रीची खाणीकडे जातेच कशाला? काहीतरी भानगड असणार. जीवच द्यायला गेली असणार. हे बोलणारे कोण, तर तिच्याकडून इंजेक्शन टोचून घेतलेले. तिची आई दुपारच्या गाडीने आली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती आणि हे सगळं तिच्या कानावर जात होतं, कारण लोकांना हळू बोलण्याचीही लाज वाटली नाही. एका कारकुनाने तिला विचारलं, मुलगी घरी काही बोलली होती का, मन वगैरे उदास होतं का. ती बाई ताडकन उठली. “माझी पोर पाण्याला भ्यायची,” ती ओरडली, “बादलीत डोकं घालून केस धुवायला भ्यायची. ती जीव द्यायला पाण्यात जाईल? कोण म्हणतं? माझ्यासमोर येऊन म्हणा!” समोर कुणी आलं नाही. ठिणगी तिथंच होता, दरवाज्यापाशी उभा. तोही पुढे झाला नाही.

रात्री ठेकेदाराने त्याला ऑफिसात बोलावलं. भिंतीवर तो उद्घाटनाचा फोटो, चांगल्या फ्रेममध्ये. ठेकेदार बसाही म्हणाला नाही.

“उद्या सकाळी इंजिनिअर येणार आहेत चौकशीला. मी सांगितलंय की चोच आपण त्याच दिवशी संध्याकाळी परत फिरवली होती. आज रात्री जाऊन फिरवून ये. चोच गावाकडे दिसली की विषय संपला.”

“आणि त्या पोरीला काय काय बोलतायत ते?”

“बोलू दे. ती काय आता ऐकायला येणार आहे?”

“मी नाही जाणार.”

ठेकेदाराने फोटोकडे बोट केलं. “स्टुलावर कोण उभं आहे? मी की तू? बोल्ट कुणाच्या हाताने फिरला? बघ बाबा. माझं काय, मी हात झटकून मोकळा होईन.”

ठिणगीच्या मुठी वळल्या होत्या, तो मला म्हणाला. त्याने त्या माणसाचं नाक फोडलं असतं. पण फोटोत खरंच तोच होता. आणि हसत होता. म्हणून तो माझ्याकडे पाना मागायला आला.

तू ती बत्ती जरा मोठी कर रे. हं. बास.

फाट्यावर पोचला तेव्हा धुकं होतं. रविवारसारखंच. वारा अजिबात नाही. बगळ्याचं धड दिसत होतं, पाय दिसत नव्हते. त्याने सायकल लावली, स्टूल मांडलं, टॉर्च दातात धरून वर चढला. की बोल्टमध्ये बसली. बोल्ट सुटला, अगदी सहज, लोण्यातून सुरी जावी तसा. बगळा अर्धा फेर फिरवला. चोच गावाकडे. बोल्ट आवळला, अंगाचा भार टाकून. खाली उतरला. पाना खिशात घातला. स्टूल कॅरिअरला बांधायला वाकला. गाठ मारून उठला आणि सवयीने एकदा वर बघितलं.

चोच खाणीकडे.

त्याला भीती वाटली नाही. राग आला. स्वतःचाच राग, की एक बोल्ट धड आवळता येत नाही. एक शिवी हासडली आणि परत गाठ सोडली. परत वर चढला. परत फिरवला. या वेळी एवढा आवळला की मनगटात कळ आली. उतरताना एक हात खांबाला धरून उतरला, नजर जमिनीवर, कारण स्टूल डुगडुगत होतं. शेवटची पायरी. आणि हाताखाली खांब थरथरला. एकदाच. मालगाडी लांबून जाताना रूळ थरथरतो तसा.

त्याने वर बघितलं.

चोच खाणीकडे.

तरी हा गेला नाही. दुसरा कुणी असता तर ढुंगणाला पाय लावून पळाला असता, पण ठिणगी तो. म्हणाला, “मी घडवलंय तुला. मला खेळवतोस?” आणि तिसऱ्यांदा चढला. एका हाताने मान धरली. मान ओली होती. दव असेल, त्याला वाटलं. पण दव एवढं नसतं. पाणी चोचीवरून वाहत होतं, टोकाशी थेंब धरत होता, पडत होता. मनगटावर पडला. गार. वास आला त्याला. शेवाळाचा.

त्याने की बोल्टमध्ये घातली...

ट्रिंग.

घंटी. सायकलची. खाणीच्या बाजूने.

तो थांबला. कान दिले. काही नाही. धुकं.

ट्रिंग... ट्रिंग.

मग दिवा दिसला. पिवळा, मिणमिणता. डायनामोचा. पायडल जोरात मारलं की मोठा होतो, कमी मारलं की बारीक होतो, तसा. मोठा... बारीक. मोठा... बारीक. उतारावरून वर येत होता. तिकडे रस्ता नाही. तिकडे पाणी आहे. त्याला माहीत होतं. टायरचा आवाज येऊ लागला. ओलं टायर डांबरावर चालतं ना, तो चिकट आवाज. जवळ. आणखी जवळ. स्टुलापाशी.

आणि दिवा विझला.

डायनामोचा दिवा सायकल थांबली की विझतो, पोरांनो.

ठिणगीने खाली बघितलं नाही. बघवेना. हात बगळ्याच्या मानेवर, की बोल्टमध्ये, टॉर्च दातात. खाली कुणीतरी श्वास घेत होतं. चढ चढून आल्यावर घेतात तसा. मग आवाज आला. पोरीचा. दात वाजत होते. पण थंडीने नाही, तो म्हणाला. संतापाने.

“मी पाटी बघून वळले.”

...

“मी पाटी बघून वळले. लोक म्हणतात, मुद्दाम गेले.”

त्याला बोलायचं होतं. टॉर्च तोंडातून सुटली, खाली पडली. काच फुटल्याचा आवाज आला नाही. पाण्यात पडल्याचा आला.

“आई बाहेर बसली आहे. तिला सगळं ऐकू येतंय.”

...

घंटी वाजली. कर्कश. वाजतच राहिली. वाजतच राहिली. आणि एकदम बंद.

“तुम्ही ती आता फिरवणार.”

...

“फिरवा.”

चोचीतून थेंब. टप.

“फिरवा ना!”

टप... टप...

किती वेळ गेला, त्याला सांगता आलं नाही. शेवटी त्याने हात मानेवरून काढला. एवढंच बोलू शकला, “नाही.” पुन्हा म्हणाला, “नाही गं पोरी.”

खालचा श्वास थांबला होता. मग कधीतरी त्याने खाली बघितलं. कुणी नव्हतं. स्टुलाचे चारी पाय पाण्यात होते. तेवढीच जागा ओली, स्टुलाएवढी. बाजूचा रस्ता कोरडा ठणठणीत.

सायकल तिथंच, स्टूल तिथंच, की बोल्टमध्ये तशीच. हा पळत सुटला. आणि घरी नाही गेला. यासाठी मी त्याला मानतो. थेट दवाखान्याच्या व्हरांड्यात गेला. ती बाई बाकावर जागीच होती. हा तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, “ताई, तुमच्या पोरीने पाटी बघितली होती. पाटी खोटी होती. ती मी फिरवली, फोटोसाठी.”

ती रडली नाही. त्याला मारलंही नाही. एवढंच म्हणाली, “हे सकाळी सगळ्यांसमोर बोलायचं.”

सकाळी फाट्यावर जत्रा जमली होती. मीही गेलो होतो, आणि वाटेतच ठिणगीने मला रात्रीचं सगळं सांगितलं होतं. चोच खाणीकडेच होती, लख्ख उन्हात. ठेकेदाराचं तोंड बघण्यासारखं झालं. ठिणगी पुढे झाला आणि सगळं बोलला. उद्घाटन, फोटो, ओघळाचा गाल, विसरलेली की, रात्री ऑफिसात झालेलं बोलणं. आवाज चढवून बोलला, मागच्या माणसालाही ऐकू जाईल असं. ठेकेदार तेवढ्यात सावरला. इंजिनिअरना म्हणाला, “साहेब, आम्ही चोच त्याच दिवशी परत फिरवली होती. या माणसाचं डोकं फिरलंय. यानेच काल रात्री येऊन ती उलटी केली. ते बघा, याची सायकल इथंच आहे, स्टूल इथंच आहे!”

आता बोला. सायकल होती, स्टूल होतं. काय सांगणार होता ठिणगी? कोण आलं होतं म्हणून सांगणार होता?

तेव्हा ती आई पुढे आली. ठेकेदाराला म्हणाली, “एका रात्रीत फिरवता येते ना? मग आता फिरवून दाखवा.”

“दाखवतो की,” म्हणून ठेकेदार स्वतः स्टुलावर चढला. गाडीतून नवी कोरी की मागवली होती. बोल्टला लावली. आत जाईना. परत लावली. जाईना. इंजिनिअर म्हणाले, उतरा, मी बघतो. ते चढले, आणि वरून बघतच राहिले. बोल्टच्या खाचेत गंज भरला होता. गच्च. बोल्ट आणि मान एकजीव झाली होती, वर हिरवं शेवाळ. तेल सोडलं, हातोडी मारली, दोन माणसं मानेला लोंबकळली. केसभर हलली नाही. इंजिनिअर खाली उतरून हात पुसत म्हणाले, “काल रात्री? हा बोल्ट उद्घाटनाच्या दिवसापासून कुणी हलवलेलाच नाही.” मग ठेकेदाराकडे वळून विचारलं, “हा असला हलका बोल्ट कुठून आणलात तुम्ही? तीन आठवड्यांत एवढा गंज?”

मी ठिणगीकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. दोघांनाही माहीत होतं की रात्री तो बोल्ट दोनदा सुटला होता.

त्या दिवसानंतर गावात कुणी त्या पोरीबद्दल वावगा शब्द काढला नाही. निदान मोठ्याने तरी नाही. पण शिक्षा कुणाला झाली विचाराल तर कुणाला नाही. ठिणगीने कबुली दिली होती, तीसुद्धा त्यांना नको झाली. कारण तो अडकला असता तर फोटोतले सगळेच अडकले असते. चौकशी संपली ती हलक्या बोल्टवर. म्हणे वाऱ्याने फिरला असेल! लोखंडी बगळा, वाऱ्याने! नंतर त्यांनी खाणीच्या वाटेला भिंत घातली, खाली पत्र्याची पाटी लावली, आणि बगळा कापून न्यायला माणसं पाठवली. ती आई खांबाला पाठ लावून उभी राहिली. म्हणाली, “हा इथंच राहील. माझी पोर खोटी नव्हती, हे सांगणारा एवढा एकच आहे.” माणसं परत गेली. पुन्हा कुणी आलं नाही. आणि तुम्ही त्याच्या चोचीला हेल्मेट अडकवता.

असू दे, असू दे. तुम्हाला कुठं माहीत होतं. मान खाली घालू नका.

तो उद्घाटनाचा फोटो मात्र त्या ऑफिसात अजून आहे. फ्रेम बदलली, फोटो तोच. ठिणगी मरेपर्यंत म्हणत होता, तो फोटो भिंतीवर आहे तोवर ती पोर काही निवणार नाही.

घे, वाळलं तुझं सोल्युशन. पॅच लाव आणि अंगठ्याने दाबून धर. सीटही ढिली झाली आहे तुझी, पाना घे आणि आवळ... अरे, तो नको! खिळ्यावरचा नको. पेटीतला घे.

सांगतो, तो का नको. त्या बुधवारी सकाळी फाट्यावर वर बघून झाल्यावर ठिणगीने मला पहिलं काय विचारलं असेल तर हेच, एलन की कुठे आहे. बोल्टमध्ये नव्हती. खाली गवतात शोधली, नव्हती. मी दुकानात परत आलो. कुलूप मी रात्री लावलं तसंच होतं. चावी माझ्या कमरेला. शटर वर केलं, आणि की खिळ्यावर. सकाळी आणून परत लावतो म्हणाला होता ना तो? कुणीतरी आणून लावली होती. ओली होती. मी पुसली. दुपारी बघितलं तर पुन्हा ओली. त्याला आता नऊ वर्षं झाली.

ऊठ, तू दारापाशी आहेस तर एवढं कर. तो डबा बाहेर ओतून आण. हळू धर. काठापर्यंत आलाय.